लसीचा डबा माझ्या मांडीवर

मला नीट चालता येत नाही, ही गोष्ट मी कुणापासून लपवून ठेवलेली नाही. डाव्या पायात मांडीपर्यंत लोखंडी कॅलिपर, काखेत दोन कुबड्या, आणि पाठीच्या कण्याला असं वळण की छाती एका बाजूनं दबलेली. लहानपणी पोलिओ झाला, त्याची ही कमाई. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉलेजच्या ऑफिसात लिपिक आहे. सरकार मला आधी अपंग म्हणायचं, आता दिव्यांग म्हणतं. या नव्या शब्दानं माझ्यात नेमकं काय दिव्य आलं, ते मी बरीच वर्षं शोधत होते. करोनात सापडलं. मी उडत वरच्या मजल्यावर जाऊ शकते, अशी सगळ्या गावाची खात्री होती.

सुरुवात बँकेच्या दारातून झाली. दारात सॅनिटायझरची बाटली लोखंडी स्टँडवर बसवलेली, आणि हात लागू नये म्हणून खाली पायानं दाबायची पट्टी. माझा एक पाय मला उभं ठेवण्यात गुंतलेला, दुसऱ्यात ताकद नाही. राखणदार लांबूनच म्हणाला, “मॅडम, पाय दाबा.” मी विचारलं, “कोणता?” तो बिचारा विचारात पडला. मग सुरक्षित अंतर राखून त्यानं आपला पाय लांब केला आणि पट्टी दाबली. सगळी चिळकांडी माझ्या साडीवर. मग त्याच्या ध्यानात आलं की माझ्या कुबड्याही बाहेरून आल्या आहेत. त्यानं त्यांच्यावर औषध फवारलं, रबरी टोकांवरसुद्धा, आणि मी त्या गुळगुळीत फरशीवरून बँकेत शिरले ती थेट काउंटरला जाऊन आदळले. करोनापासून त्या दिवशी माझं पूर्ण संरक्षण झालं.

मास्कचंही तसंच. दोन्ही हात कुबड्यांवर, आणि चार पावलं चाललं की मास्क नाकावरून हनुवटीवर. चौकातला पोलीस ओरडायचा, “मास्क वर करा.” वर करायला एक कुबडी सोडावी लागते आणि कुबडी सोडली की मी खाली. मी म्हणायची, “तुम्ही करा वर.” तो दोन पावलं मागं सरायचा.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं तोवर मी नेलं. मग दुसरी लाट आली. माझ्या शेजारच्या टेबलावरचे लेखापाल, रोज पहाटे पळायला जाणारे, पायऱ्या दोन-दोन चढणारे, आठवडाभरात गेले. त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर टॉवेल तसाच राहिला होता. आमचे डॉक्टर मला स्पष्टच म्हणाले, “ताई, तुमच्या छातीत मुळात हवेला जागा कमी. तुम्हाला हा आजार परवडणार नाही. लस लवकर घ्या.” त्या दिवसापासून मला भीती वाटायला लागली. कुणी खोकललं की मी मोजायला लागायची की तो माणूस माझ्यापासून किती लांब आहे.

आता लस. आईला मिळाली तेव्हा केंद्र एका शाळेत, खालच्या वर्गात होतं. भाऊ तिला ऑटोत घेऊन गेला, तासाभरात परत. माझ्या वयाची पाळी आली, तोवर खालचे वर्ग आजारी माणसांना वेगळं ठेवायला घेतले आणि केंद्र वरच्या मजल्यावर गेलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, ते उगीच नाही.

मी गेले. जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून वर पाहिलं. जिना संपतो तिथं भिंतीवर मोठी पाटी होती. ‘दिव्यांगांना प्राधान्य. रांगेत न थांबता थेट आत यावे.’ माझी नजर चांगली आहे, पाटी खालूनसुद्धा स्वच्छ वाचता आली.

टोकन देणारे गृहस्थ कठड्यावरून वाकून म्हणाले, “या ना मॅडम, तुमचा तर पहिला नंबर.”

“येऊ कशी?”

त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. “उचलून आणलं असतं हो. पण सहा फुटांचं अंतर ठेवायचं आहे.”

सहा फुटांवरून माणूस उचलायचा तर क्रेनच लागते. मी म्हटलं, “मग सुईच खाली आणा.”

“लस खाली नाही आणता येत. ती थंड ठेवावी लागते.”

वर थंडी आणि खाली उन्हाळा, एवढी उंच शाळा आपल्या गावात आहे, हे मला तेव्हा कळलं.

बसून एकेक पायरी सरकत चढायचं मला येतं. लहानपणी मी तशीच चढायची. पण जिन्यावर खालच्या वर्गातल्या आजाऱ्यांचे नातेवाईक बसले होते, पायरीला दोघं-तिघं, आणि त्यातले निम्मे खोकत होते. लस घ्यायला जाताना वाटेतच करोना घेऊन जायचा, एवढी काही मला घाई नव्हती. मी परत फिरले.

मग मी मदत क्रमांकावर फोन केला. दिव्यांगांसाठी खास होता तो. बाई फार गोड बोलल्या. मला जवळचं केंद्र सांगते म्हणाल्या आणि त्याच शाळेचा पत्ता सांगितला. मी जिन्याचं सांगितलं. त्यांनी तक्रार नोंदवून घेतली. शेवटी म्हणाल्या, आपण सेवेबद्दल समाधानी असाल तर एक दाबा. इथंसुद्धा दाबायचंच होतं, पण निदान बोटानं.

रोज संध्याकाळी मी घरी आले की आई विचारायची, “घेतली का?” मी म्हणायची, “नाही.” त्या दिवशी तिच्या हातचा चहा हमखास अगोड व्हायचा.

अशात कॉलेजात लसीकरण मोहिमेचे साहेब आले. तालुक्यातल्या तांड्यांत आणि वाड्यांत लोक सुई घ्यायला तयार नव्हते, म्हणून कॉलेजनं जनजागृतीला हातभार लावावा, असं ते प्राचार्यांना सांगत होते. तेवढ्यात मी सह्यांची फाइल घेऊन आत गेले. साहेबांनी कॅलिपरकडे पाहिलं.

“मॅडम, पोलिओ?”

“हो.”

“वा!” ते म्हणाले. मग स्वतःच दचकले. “म्हणजे, तसं नाही. पण तुम्ही तर जिवंत उदाहरण आहात! लस घेतली नाही तर काय होतं, हे शंभर भाषणांनी कळणार नाही ते तुम्हाला पाहून कळेल.”

मी म्हटलं, “साहेब, जिवंत उदाहरण जिवंत राहावं म्हणून मलाच लस हवी आहे. माझी अजून झालेली नाही.”

“अहो, तुमचं काय, दोन मिनिटांचं काम. ते बघू आपण.”

आणि असं माझं नवं पद सुरू झालं. लस माझ्या दारात येऊ शकत नव्हती, कारण तसा नियम नव्हता. पण लस घेऊन निघालेली जीप माझ्या दारात येत होती, मला घ्यायला. मागं साहेब, त्यांची बॅग, सिस्टर, भोंगा, बॅनर आणि पाण्याचे कॅन. पुढं ड्रायव्हर आणि मी. लसीच्या डब्याला जागा उरायची नाही, म्हणून डबा माझ्या मांडीवर. निळा, जड, आत बर्फाच्या पिशव्या. पोलिओ पायातली ताकद नेतो पण जाणीव ठेवतो, त्यामुळे तो गारवा मला चांगला कळायचा. अख्खा तालुका मी त्या डब्याला पोटाशी धरून फिरले. खड्डा आला की दोन्ही हातांनी घट्ट धरायची, कारण सिस्टर मागून ओरडायची, “मॅडम, डबा सांभाळा वो.”

पहिल्याच दिवशी मी म्हटलं होतं, “सिस्टर, यातलीच एक द्या ना मला.”

सिस्टरनं साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, “या तांड्यांसाठी मोजून दिलेल्या आहेत मॅडम. तुमचं केंद्र शहरात आहे.”

तांड्यातले लोक घ्यायचे नाहीत, त्यामुळे मोजून दिलेल्या लसी मोजून परत यायच्या. जातानाही माझ्या मांडीवर, येतानाही माझ्या मांडीवर. घरी लग्नाची पंगत आणि यजमानीण उपाशी, तसला प्रकार.

सभेत मला खुर्चीवर बसवत. साहेब हळूच म्हणत, “मॅडम, पदर... म्हणजे साडी जरा वर, कॅलिपर दिसू द्या.” मग भोंगा हातात घेऊन माझ्याकडे बोट दाखवत. “पाहा! या बाईंकडे पाहा! यांच्या अडाणी आईनं यांना वेळेवर डोस दिला नाही. आज काय हालत आहे पाहा!”

माझी आई त्या काळची मॅट्रिक आहे. आजही पेपर अग्रलेखापासून वाचते, आणि त्यातल्या चुका पेन्सिलीनं दुरुस्त करते. पण हे सोडा. तिनं मला डोस द्यायला नेलं होतं, पुन्हा पुन्हा नेलं होतं. पहिल्या सभेनंतर जीपमध्येच मी भांडले.

साहेब शांतपणे म्हणाले, “मॅडम, लोकांना पटेल असं सांगावं लागतं. तुमच्या आईंचं एवढं वैयक्तिक घेऊ नका.”

“माझ्या आईचं मी वैयक्तिक घ्यायचं नाही, तर कुणी घ्यायचं?”

ते हसले. पुढच्या वाडीतही तेच बोलले. मी दर वेळी भांडायची आणि दर वेळी पुन्हा जीपमध्ये बसायची, कारण डबा मांडीवर असायचा. आज ना उद्या यातली एक सुई चुकूनमाकून माझ्या दंडाकडे वळेल, अशी आशा होती. आशेला जिने चढावे लागत नाहीत.

फुलसावंगीच्या पुढं, रस्ता सोडून आत गेलं की एक बंजारा तांडा आहे. एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखभर फिरणाऱ्या घरांचा. आता सगळे शेतकरी आहेत. कापूस, सोयाबीन, हळद. आपसात गोरबोली, आमच्याशी वऱ्हाडी. साहेबांचं पथक तिथं आधी जाऊन आलं होतं आणि हात हलवत परतलं होतं. ‘अंधश्रद्धा फार’ असा त्यांचा अभिप्राय होता. जिवंत उदाहरण नेल्याशिवाय हा तांडा वळणार नाही, असं ते मला वाटेत समजावत होते. डबा माझ्या मांडीवर होता.

लिंबाखाली खाटा टाकल्या होत्या. लोक जमले, पण लांब लांब, आणि बसायची घाई कुणाला नव्हती. मला जीपला लागून खुर्ची मिळाली, सगळ्यांपासून वेगळी, प्रदर्शनात ठेवतात तशी. सिस्टरनं डबा आणून माझ्या मांडीवर ठेवला. तेवढ्यात एक म्हातारी स्टीलच्या पेल्यांत चहा घेऊन आली. अंगात काचा लावलेली चोळी, कोपराच्या वर पांढऱ्या बांगड्यांचा भरगच्च चुडा. तिनं पेले पुढं केले.

साहेबांनी दोन्ही हात वर केले. “नको, नको! करोना आहे. आम्ही बाहेरचं काही घेत नाही.”

सिस्टरनंही मान हलवली. म्हातारी तिथंच उभी राहिली.

“मांगच्या बारीही नाही घेतला तुम्ही,” ती म्हणाली. “आमचा च्या तुमाले चालत नाही, आन् तुमची सुई आम्ही घ्यावं? असं कसं जी?”

अंधश्रद्धा फार, म्हणजे ही. मला आधी हसू आलं आणि मागोमाग राग आला, कारण इतके दिवस भोंग्यावरून आम्ही यांना कशाकशाची भीती घालत होतो, आणि अडलं होतं ते चहापाशी. माझी खुर्ची लांब होती आणि वारा चांगला होता. मी म्हटलं, “आजी, मले द्या.” मास्क खाली केला आणि चहा प्यायले. गुळाचा होता, घट्ट, आलं ठेचून घातलेलं. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण करोनानं मरायचंच असेल तर निदान चांगला चहा पिऊन, असा हिशेब मी मनाशी केला.

म्हातारी माझ्यासमोर जमिनीवर बसली. साहेबांना वाटलं, आता वळली. त्यांनी सिस्टरला खूण केली.

“आजी, द्या बरं दंड इकडे,” सिस्टर म्हणाली.

“कोनी!” म्हातारीनं गोरबोलीत ठाम नकार दिला. मग आमच्यासाठी वऱ्हाडीत समजावलं, “दंडावर चुडा हाय. नवरा जिता हाय तवर हा निघत नाही.”

खाटेवर बसलेल्या नवऱ्यानं आपण जिवंत असल्याचं मान डोलावून कबूल केलं.

“काढायचा कायले? खांद्यापाशी जागा हाय की चार बोटं,” सिस्टर म्हणाली. ती हुशार होती.

म्हातारीनं खांद्याकडे पाहिलं. जागा होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत एकदम काहीतरी चमकलं.

“तू घेतली का व बाई?”

“नाही.”

“काहून?”

“लस वरच्या माळ्यावर आहे आणि मी खाली.”

त्या दिवशी तांडा पहिल्यांदा हसला. म्हातारी मात्र हसली नाही. ती साहेबांकडे वळली.

“मंग झालं तर! पाव्हणी उपाशी हाय, आन् घरच्यायनं ताटावर बसावं? आमच्या तांड्यात नाही होत असं. पाव्हण्याच्या आंधी आम्ही घोटभर पाणी नाही पीत. आंधी तिले द्या, मंग आमचं पाहू.”

आणि खटला जिंकलेल्या वकिलासारखी ती मागं रेलली. तिला माझा कळवळा आला होता, असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. तिला आमची जीप परत जायला हवी होती. साहेब लोक नियम मोडत नाहीत, निदान पांगळ्या बाईसाठी तर नाहीच, हे तिनं आयुष्यभराच्या अनुभवानं ओळखलं होतं. रीतही पाळली, सुईही टळली. मला ती फार आवडली.

“द्या, साहेब,” मी म्हणाले.

“मॅडम, तुमचं केंद्र...”

“माझं केंद्र माझ्या मांडीवर आहे.”

सिस्टर हळू आवाजात म्हणाली, “सर, बाटली दहा जनाची असते, एकटीसाठी नाही उघडता येत. उघडली का मंग ठरलेल्या वेळात संपवा लागते, नाही तं फुकट जाते. मानसं पाहिजेत.”

म्हणजे तांडा सुई घेत नव्हता, कारण मी घेतली नव्हती. मला मिळत नव्हती, कारण तांडा घेत नव्हता. आणि डबा सगळ्यांच्या मधोमध, माझ्या मांडीवर, गार पडत बसला होता.

साहेबांना अशा वेळी एकच गोष्ट येत होती. त्यांनी भोंगा उचलला. “बंधू-भगिनींनो, या बाईंकडे पाहा! यांच्या अडाणी आईनं...”

मी कुबडी उचलली आणि जीपच्या पत्र्यावर हाणली. एवढा मोठा आवाज माझ्याच्यानं होईल असं मलाही वाटलं नव्हतं. कोंबड्या पळाल्या. साहेबांचा भोंगा खाली आला.

“माझी माय अडाणी नव्हती,” मी म्हणाले. मला भोंगा लागला नाही. “माझ्या वडिलांची नोकरी तवा मुकुटबनच्या आंगानं होती. आडगावात राहत होतो आम्ही. पोलिओचा डोस तवा नवा नवा येत होता. माय मले कडेवर घेऊन दुसऱ्या गावच्या दवाखान्यात गेली, पायी. ते म्हणाले, संपला, पुढच्या खेपेले या. पुढच्या खेपेले गेली, तर वाटेत बर्फ वितळला म्हणे, औषध खराब झालं. पुढच्या खेपेले या. ती खेप यायच्या आंधी मले ताप आला. मायनं नाही म्हटलं नव्हतं. औषध संपलं होतं.”

बोलून झाल्यावर मला धाप लागली.  साहेब बॅनरच्या दोऱ्या तपासत होते. मला वाटलं, आता बायका डोळ्यांना पदर लावतील, मग मी आणखी चिडेन.

पण म्हातारी माझ्या पायाकडे पाहतच नव्हती. ती डब्याकडे पाहत होती.

“संपते म्हंता?” तिनं विचारलं.

“संपतो,” मी म्हणाले.

“ह्याच्यात कितीकायचं हाय?”

सिस्टरनं सांगितलं. म्हातारीनं मान वर करून घरांवरून नजर फिरवली, ओठ हलवत माणसं मोजली. माणसं जास्त भरली. ती उठून उभी राहिली आणि गोरबोलीत अशी काही ओरडली की शेतावर निघालेली माणसं बांधावरून परत फिरली. सुना आल्या, जावई आले, तांड्याचे नायक गमछा तोंडाला गुंडाळत आले. इतके दिवस साहेब भीती फुकट वाटत फिरत होते, कुणी घेत नव्हतं. माल कमी आहे म्हटल्याबरोबर रांग लागली. जनजागृतीचा एवढा सोपा मंत्र मला आधी ठाऊक असता तर मी कॅलिपर झाकूनच बसले असते.

“आंधी पाव्हणी,” म्हातारी सिस्टरला म्हणाली. आता ती बहाणा करत नव्हती, रीत पाळत होती, आणि त्या दोन्हींतला फरक साहेबांनाही कळला. ते म्हणाले, “द्या सिस्टर, द्या.”

डबा माझ्याच मांडीवर उघडला. पहिली बाटली फोडली. सुई टोचली तेव्हा माझ्या डोळ्यांत आनंदाश्रू आले असं लिहायला बरं वाटलं असतं. चांगलंच दुखलं. आणि दुखलं म्हणून मला आनंद झाला.

मग मी तिथंच लिंबाखाली अर्धा तास बसून होते. नियमाप्रमाणे, पण खालीच, पायऱ्या न चढता. म्हातारी रांगेच्या तोंडाशी उभी राहून पंगतीत वाढावं तसं एकेकाला पुढं सरकवत होती. घरधन्याला ढकललं, सुनांना ढकललं, नायकांना ढकललं. यजमानीण शेवटी जेवते, ही रीत मला माहीत होती, पण त्या वेळी माझ्या ध्यानात आली नाही. ध्यानात आली तेव्हा सिस्टर बाटली उजेडात धरून पाहत होती.

“आजी, संपली वो,” ती म्हणाली. “पुढच्या खेपेले.”

म्हातारी हसली. नवऱ्याला म्हणाली, “वाचली मी!” सगळे हसले. तिनं खांद्यावरची बाही चुड्याच्या वर सरकवून ठेवली होती. आम्ही जीपमध्ये बसलो, जीप वळली, तरी ती बाही तिनं खाली केलेली नव्हती.

मोकळा डबा हलका असतो. तो मांडीवर घेऊन मी घरी आले, तर आई दारातच खुर्ची टाकून बसली होती.

“घेतली का?”

“घेतली.”

तिनं मला खाली बसवलं, माझा दंड दोन्ही हातांत धरला आणि त्या इवल्या कापसाकडे पाहत राहिली. मग विचारलं, “होती का शिल्लक?”

एवढी वर्षं हा प्रश्न तिच्या पोटात होता, हे मला तेव्हा समजलं.  मी मान डोलावली.

“मागच्यायले पुरली?”

मी तिला सगळं सांगितलं. चहा, चुडा, म्हातारी, ती वर राहिलेली बाही. रागाच्या भरात साहेब भोंग्यावरून काय म्हणतात तेही सांगून टाकलं, जे मी इतके दिवस तिच्यापासून लपवलं होतं.

आई माझ्या दंडावरचा कापूस नीट करत राहिली. मला वाटलं, त्या ‘अडाणी’चं तिला लागलं. पण ती म्हणाली, “पुढच्या खेपेले या म्हणाले का तिले?”

“हो.”

“मी पाह्यली होती वाट पुढच्या खेपेची,” ती म्हणाली, आणि उठून चहा ठेवायला गेली.

सकाळी मी साहेबांना फोन लावला. ते खुशीत होते. “मॅडम, काल तर कमाल झाली! त्या तांड्याचं टार्गेट झालं. आता दुसरीकडे जाऊ. तिकडे परत पुढच्या महिन्यात वगैरे, बघू.”

“साहेब, तिथं एक बाई राहिली आहे.”

“एका बाईसाठी जीप कशी काढणार मॅडम? बघू, पुढच्या खेपेला...”

आईनं माझ्या हातून फोन काढून घेतला. पदर नीट केला, जणू साहेब समोरच उभे होते.

“साहेब, मी तिची अडाणी आई बोलून राह्यली,” ती म्हणाली. “जीप आणा. आजच आणा. या खेपेले डबा माझ्या मांडीवर ठेवा.”